छातीभर जोते

करामा बासल्लूमच्या हातचे घर पडल्याचे हद्रमौतच्या त्या खोऱ्यात कुणी ऐकले नव्हते. बेचाळीस वर्षे तो उन्हात वाळवलेल्या विटांची घरे बांधत आला होता, चारमजली, पाचमजली. गाव त्याला तोंडावर मुअल्लिम, म्हणजे उस्ताद गवंडी, म्हणे आणि पाठीमागे ‘नन्नाचा मुअल्लिम’, कारण कुणी घर बांधायला बोलावले की जागा बघून त्याचा पहिला शब्द बहुतेकदा ‘नाही’ हाच निघायचा.

नाही म्हणायला त्याला बापाने शिकवले होते. नदीच्या कोरड्या पात्राजवळ घर बांधायचे तर जोते दगडाचे, आणि तेही उभ्या माणसाच्या छातीला लागेल इतके. एका हिवाळ्यात एकच मजला. तो आतून वाळल्याशिवाय वरचा चढवायचा नाही. बाहेरून गिलावा चुन्याचा, आणि तो चुना दहा माणसांनी चार दिवस काठ्यांनी कुटलेला. सिमेंटचे नाव काढले की करामा म्हणे, “मातीच्या अंगावर सिमेंट म्हणजे पायात रबरी बूट. घाम आला तर जाणार कुठे?”

पांढरी रेघ मात्र त्याची स्वतःची कमाई. सोळा वर्षांपूर्वीच्या मोठ्या पुरानंतर किनाऱ्याकडून एक सरकारी इंजिनियर आला होता. त्याच्या पुस्तकात लिहिले होते, शंभर वर्षांतल्या सर्वांत मोठ्या पुराची पातळी धरा.

“मुअल्लिम, शंभर वर्षांची नोंद इथे कुणाकडे असेल?” त्याने विचारले.

“खजुरांकडे,” करामा म्हणाला.

त्याने बुंध्यांवरचे चिखलाचे डाग दाखवले, कुठल्या पुरात कुठली रांग गेली ते सांगितले. दोघे तीन दिवस चुन्याची बादली घेऊन हिंडले आणि खडकांवर, बांधांवर, विहिरीच्या कठड्यावर रेघ ओढली. तिच्याखाली घर नाही. इंजिनियर गेला, पुढे युद्ध आले, आणि रेघ राखायला सरकारचे कुणी फिरकले नाही. ती राखली करामाच्या तोंडाने. त्या खोऱ्यात गवंड्यांची एक रीत होती: एका मुअल्लिमने नाकारलेले काम दुसरा हातात घेत नसे. म्हणून करामाचा नकार म्हणजे सगळ्यांचाच नकार. खजुरीवाला सालमीन रेघेखाली मुलांची घरे मागायला आला, त्याला त्याने तीनदा परत पाठवले. सालमीनने भर बाजारात शिव्या घातल्या, पण घर बांधले नाही.

मग करामाची लेक बहिया विधवा होऊन माहेरी आली. तीन मुली घेऊन बापाच्या घराच्या सगळ्यात वरच्या खोलीत राहू लागली. खाली तिचा भाऊ, भावजय रुकय्या आणि त्यांची मुले. तीन वर्षे धुसफुशीत गेली. रुकय्याच्या थोरल्या मुलाचे लग्न रमजाननंतर ठरले आणि नवरदेवाला खोली हवी झाली.

“मुअल्लिमचं घर,” रुकय्या मुशीचा भात वाढता वाढता म्हणाली, “आणि त्यात नव्या नवरीला जागा नाही. लोकांना घरं बांधून देणाऱ्याच्या घरी पाहुणीच मालकीण.”

“वर एक मजला चढव ना, बाबा,” बहिया म्हणाली.

“नाही चढणार. माझ्या बापानं खालच्या भिंती चार मजल्यांच्या जाडीच्या घेतल्यात. पाचवा घातला तर चारही खाली बसतील.”

“मग माझ्या नवऱ्याच्या वाटणीचा तुकडा आहे.”

तो तुकडा रेघेच्या खाली होता, चांगला दोन पुरुष उंचीने खाली. करामाने घास तसाच ठेवला.

“नाही.”

“बाबा, रेघेच्या वर तुझ्याकडे जमीन आहे?”

“नाही.”

“माझ्याकडे आहे?”

त्याने ताट बाजूला सारले.

“तू नाही म्हणशील, मग कुणीच बांधणार नाही, हे मला ठाऊक आहे,” बहिया म्हणाली. “म्हणून तुलाच विचारतेय. मुलींना घेऊन मी तिथं तंबूत राहीन. तंबूला जोतं असतं का रे?”

सोळाव्या दिवशी करामा आखणीच्या खुंट्या घेऊन त्या तुकड्यावर गेला.

जोते त्याने छातीपर्यंतच घेतले. त्यात काटकसर केली नाही. डोंगरातून दगड आणायला गाढवे होती पण माणसे नव्हती; धडधाकट सगळे सौदीत कामाला गेलेले. जोते पुरे व्हायलाच हिवाळा सरला. लग्नाला सात आठवडे उरले. पहिला मजला ओला असतानाच त्याने दुसरा चढवला. हाताने भिंत दाबून बघायचा आणि हात फडक्याला पुसायचा. चुना कुटायला दहा माणसे कुठून आणणार? शेवटी ट्रकमधून सिमेंट आले.

सालमीन कडेला बसून बघत होता. “काय मुअल्लिम, बूट घातलेस?”

“घातले,” करामा म्हणाला.

“मग आता माझ्या पोरांची घरं कुणी बांधली तर तुझी हरकत नाही?”

“आहे. तुझ्यापाशी जोत्यापुरता दगड नाही.”

“हरकत घ्यायला तोंड लागतं, भाऊ,” सालमीन हसला.

त्या उन्हाळ्यात रेघेच्या खाली अकरा घरे उठली. दुसऱ्या गवंड्यांनी विचारले एवढेच, “मुअल्लिमनं लेकीचं बांधलं ना?” जोती गुडघ्याएवढी, काही तेवढीही नाहीत. करामा प्रत्येक पायाजवळ जाऊन उभा राहायचा. लोक त्याला चहा द्यायचे, खजूर द्यायचे, आणि काम चालू ठेवायचे. एकाला तो म्हणाला, “अरे, निदान दार तरी वरच्या अंगाला नको, पाणी सरळ आत येईल.” त्याने दार फिरवले. एवढे एकच त्याचे कुणी ऐकले.

पाऊस पडला तो दोन दिवस थांबला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी वरच्या गावाहून बंदुकीचे बार ऐकू आले, म्हणजे लोंढा निघाला. बहिया नव्या घरातून मुलींना घेऊन वर बापाच्या घरी पळाली. अकरातली नऊ घरे वाहून जाताना करामाने आपल्या गच्चीवर उभे राहून पाहिली. ती पडत नव्हती, खालून विरघळत होती, आणि मग वरचा भाग गुडघे टेकल्यासारखा बसत होता. सालमीनच्या पोराच्या घरातून त्याची आंधळी बहीण शरीफा बाहेर पडू शकली नाही. ती दोन कोसांवर बाभळीत अडकलेली सापडली.

बहियाचे घर उभे होते. पाणी जोत्याला कमरेपर्यंत लागले आणि उतरले. लोक चिखल तुडवत येऊन त्या दगडांना हात लावून बघत होते. “मुअल्लिमचा हात!” म्हणत होते. करामाला ते ऐकवेना. तो सालमीनच्या दारी गेला.

“तुला दोष नाही देत,” सालमीन म्हणाला. “तू नाही म्हणायचास तेव्हा तुला शिव्या दिल्या. लेकीला हो म्हणालास तेव्हा तुझं ऐकलं. आता जा.”

पाचव्या दिवशी लख्ख ऊन पडले. बहिया आणि मुली अंगणात गोधड्या वाळत घालत होत्या. करामा भिंतीला कान लावून उभा होता. आत बारीक खरखर चालू होती, पोत्यातून धान्य सांडावे तशी. त्याने चौघींना हाका मारून दूर घेतले. थोड्या वेळाने आतली माती खाली बसली. वरचा मजला तिच्यावर आला. सिमेंटचे कवच तेवढे दोन बाजूंनी उभे राहिले, आत काहीच नाही. गच्चीवरून शिरलेली ओल त्याच्या आत कोंडून राहिली होती.

रुकय्याने त्या रात्री जात्याच्या खोलीत चौघींना अंथरूण घालून दिले. तिने एकही टोमणा मारला नाही, आणि बहियाला तेच जास्त लागले.

आठवड्याने करामा खाली गेला तर बहिया उंच गवती टोपी घालून चिखलात उभी होती. पुराने आणून टाकलेला गाळ विटेला सगळ्यात चांगला, मऊ आणि चिकट. हे त्या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पडलेल्या नऊंपैकी सहा घरांची माणसेही आपापल्या तुकड्यावर साचे टाकत होती. बहियाच्या मुली पायाने चिखल मळत होत्या.

“इथं नको, बहिया,” करामा म्हणाला.

“जोतं शाबूत आहे.”

“जोत्यानं काय होतं, बघितलंस ना?”

“बघितलं.” तिने साचा उचलला, वीट सुटली, दुसरीकडे ठेवला. “तू सांग कुठं ते, बाबा. मी हे सगळं डोक्यावरून तिथं नेते.”

करामाने वर डोंगराकडे पाहिले. सगळीकडे कुणाची ना कुणाची घरे होती, नाहीतर उभा कडा. आणखी एक वीट सुटली. मग थोरल्या नातीने विचारले, “आजोबा, चिखल बरा झालाय का?” तेव्हा वाकून त्याने मूठभर उचलला, बोटांत दाबला आणि म्हणाला, “अजून मळा.”