मारुतीला घातलेली माळ

"पावणं, पान उलटून बघा की." अंगणातल्या रुईला हात लावणाऱ्या प्रत्येकाला आमच्या शेजारच्या बाई हेच सांगायच्या. तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्या दारावरून जाताना आपला आवाज आपोआप खाली येतो.

बाई गडहिंग्लजकडच्या. मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या. इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून राहिलो, तरी मी त्यांचा पावणाच. बी पेरून रुई वाढवणारं दुसरं कुणी मी पाहिलं नाही. बोंड फुटून बी कापसाबरोबर उडू नये म्हणून त्या त्याला जुन्या साडीची चिंधी बांधायच्या. मग दुधाच्या पिशवीत माती-वाळू भरून बी टोचायच्या. उकिरड्यावर उगवतंय ते, पेरायचं कशाला, असं माझ्या बायकोनं एकदा विचारलं.

"उकिरडं ऱ्हायलं कुठं? सगळीकडं फ्लॅट झालं," बाई म्हणाल्या. कडवा नावाचं ते तांबूस फुलपाखरू रुईच्या गोतातल्या झाडांवरच अंडी घालतं. त्यानं जायचं कुठं, एवढाच त्यांचा प्रश्न.

शनिवारी मारुतीला माळ घालायला लोक त्यांच्याकडं पानं मागत. त्या द्यायच्या, पण मागच्या बाजूला खसखशीएवढं अंडं नाही हे बघूनच. एकदा कुणीतरी परस्पर पानं नेली आणि पट्टेरी अळी मारुतीच्या खांद्यावर चढली. पुजारी बिथरला. बाईंनी उंबऱ्याशी उभं राहून अळी मागून घेतली आणि वर त्यालाच ऐकवलं, "ब्रह्मचारी हाय त्यो. लेकरं सांभाळायला जमायची न्हाईत त्याला."

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी बाईंना डेंगी झाला. दवाखान्यात नेताना मला म्हणाल्या, "पानं कुणाला देऊ नका. भरलेली हाईत सगळी."

शुक्रवारी डॉक्टरांनी आता काही सांगता येत नाही म्हटलं. मी देवभोळा नाही. पण माझी आई गेली तेव्हा आमच्या घरात पहिली चूल याच बाईंनी पेटवली होती. देवळाबाहेर माळा विकत मिळत होत्या. तरी माझ्या मनानं घेतलं, त्यांच्या जिवाचं तेच दिलं तर देव ऐकेल. शनिवारी सकाळी मी भिंत ओलांडली. प्रत्येक पान उलटलं, प्रत्येकावरचं अंडं दिसलं, आणि पान तोडलं. हात चिकानं कोपरापर्यंत माखले. माळ मारुतीच्या पायापर्यंत पोचली.

बाई वाचल्या. औषधानं वाचल्या, हे मला कळतं. घरी आल्या त्या दिवशी त्या उघड्या काठ्यांसमोर मी सगळं सांगितलं. एरवी मोठ्यानं बोलणाऱ्या बाई हळू म्हणाल्या, "मला इचारायचं तरी."

थंडीत त्या झोपेतच गेल्या. कुलूप लागलेल्या त्या अंगणात रुई पुन्हा पानांनी भरली आहे. मी तिकडं बघत नाही. बायकोलाही न सांगितलेलं आज लिहितो: पुन्हा तसाच शनिवार आला तर मी पुन्हा भिंत ओलांडीन. भीती वाटते ती त्याचीच.

डोळ्यांपुढून हलत नाही ती एक सकाळ. बाई दवाखान्यातून येऊन दोनचार दिवस झालेले, रुईला अजून कोंबही नव्हता. कडव्याची एक मादी आली. या काठीवर टेकली, त्या काठीवर टेकली.

"बाळंतपणाला आल्या," बाई म्हणाल्या.

ती भिंतीवरून आमच्याकडं आली. तुळशीला शिवली, जास्वंदीला शिवली, आणि रस्त्याकडं निघून गेली. बाई रस्त्याकडं बघत राहिल्या. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही.