होडीच्या नाकावरची देवी

नव्वद सालानंतरची गोष्ट. धरणाच्या पलीकडे आमचं झेंडूचं रान, अलीकडे पंचवटीच्या बाजाराला जाणारा रस्ता, मध्ये पाणी. आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, कोणाची तरी जुनी फायबरची होडी आणली होती. फुलं, बाया, सगळं तिच्यातून पार व्हायचं. त्या साली नवरात्रात तिच्या तळाला पाणी साचू लागलं. मालक बाहेरून डांबर फासायचे, होडीच्या नाकावर बसवलेल्या देवीच्या पितळी मुखवट्याला हात जोडायचे आणि म्हणायचे, ती बघून घेईल. मला तसं वाटत नव्हतं. माझी श्रद्धा बेताचीच. दसऱ्याच्या आदल्या पहाटे वस्तीचा सगळा झेंडू आणि तो विकणाऱ्या बाया त्याच होडीतून जाणार होत्या. पोहता एकीलाही येत नव्हतं.

अष्टमीला देवळाली कॅम्पातून एक म्हातारा पलीकडच्या देवळात जायला आला. फौजेत होड्यांच्या कामावर होतो, म्हणाला. होडी काठावर ओढलेली होती. बसायच्या आधी त्याने खिशातून नाणं काढलं आणि तळापासून ठोकत निघाला. टणटण वाजत होतं. नाकाखाली मात्र ओल्या भाकरीवर थापटी मारावी तसा आवाज आला.

"माई, आतलं लाकूड कुजलंय. वरून धड दिसतं, पण वजन पडलं की फाटणार. हा मुखवटा काढा, बघू."

मालक भडकले. "बाबा, देवीला हात लावायचा नाय. गडावरून आणलीय, माझ्या हातानं बसवलीय."

"तिला पोहता येत असेल. ह्या माईंना येतं का?"

माझी जाऊ खुदकन हसली. "माझं तर इचारूच नका. मी हंड्यातबी बुडंल."

स्क्रू मीच काढले. पहिल्याच भोकातून काळं, घाण वासाचं पाणी ओघळलं. देवीसाठी पाडलेल्या भोकांतून वर्षानुवर्षं लाटेचं पाणी झिरपलं होतं आणि फायबरच्या दोन थरांमधलं लाकूड तळापर्यंत सडलं होतं.

फुलं लांबच्या वाटेने बैलगाडीतून गेली, अर्धी कोमेजली. बाया पायी गेल्या आणि धडधाकट परत आल्या. दसऱ्यानंतर म्हातारा पुन्हा आला. मालकांना हाताशी घेऊन त्याने कुजकं कापलं, होडी उन्हात वाळवली, नवं लाकूड बसवून त्यावर रेझिनमध्ये भिजवलेल्या काचेच्या कापडाचे थर चढवले. चहा पिऊन गेला तो पुन्हा दिसला नाही. नाव विचारायचं राहिलं.

होडी धड झाली, मालक झाले नाहीत. "माझ्याच हातानं भोकं पाडली," एवढंच म्हणत राहिले. मुखवटा फडक्यात बांधून ठेवला, पुन्हा दिवा लावला नाही. देवी आपल्यावर कोपली, हे त्यांनी मनात धरलं. मी म्हणायचे, "अहो, कोपली असती तर ठोकून बघायला माणूस कशाला धाडला असता?" ते पाण्याकडे बघत बसायचे. तसेच गेले. देवीने त्यांच्याच होडीवर एवढी माया केली आणि ती त्यांना घेता आली नाही, हे मला अजून सलतं.

ते गेल्यावर मी फडकं सोडलं, मुखवटा चिंचेने घासला. आता तो होडीतल्या फळीवर सुटाच असतो. स्क्रू नाही, दोरा नाही. लाटेने सरकतो, पण अजून पाण्यात पडलेला नाही. पडला तर तिची मर्जी. तिला धरून ठेवणारी मी कोण?

होडीत पाय ठेवण्याआधी मी रोज नाण्याने तळ ठोकते. मग हात जोडते आणि तिच्यासमोर बसते.