गाडीला पाणी पाहिजे

तुम्ही ज्या कंपनीत कामाला जाता, तिच्या गेटबाहेर सकाळपासून उभ्या असलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरला लघवी लागली, तर तो कुठे जातो? माहीत नसेल तर तसं सांगा. फक्त ‘जात असेल कुठेतरी’ असं म्हणू नका. माझे वडील त्या ‘कुठेतरी’पायी आज घरी झोपून आहेत.

आबांची स्वतःची गाडी लांब नाकाची होती. पुढे भलंमोठं बोनेट, केबिनला लाकडी दारं, सीट म्हणजे फळीवर टाकलेली काथ्याची गादी. भोसरीच्या वर्कशॉपांतून ओतीव लोखंडाची अवजड कास्टिंग भरायची आणि चाकणला पोचवायची, कधी खंडाळ्याचा घाट उतरून थेट बंदरावर न्यायची. पॉवर स्टिअरिंग वगैरे काही नव्हतं. वळण घ्यायचं तर आबा सीटवरून अर्धे उठायचे.

ती गाडी तापायची. भरलेली असली की मोशी ओलांडून इंद्रायणीच्या पुलापलीकडे जाईपर्यंत रेडिएटर शिट्टी मारायला लागायचा. आबा गाडी कडेला घ्यायचे, ओलं बारदान हातात धरून, तोंड वळवून झाकण उघडायचे आणि पत्र्याचा डबा घेऊन जे पहिलं दार दिसेल तिथे जायचे.

“गाडीला पाणी पायजे, राव.”

एवढंच म्हणायचं. या वाक्याला कुणी नाही म्हटल्याचं आबांना आठवत नाही. वीटभट्टी असो, गुऱ्हाळ असो, कंपनीचं गेट असो. वॉचमन स्वतः नळी ओढत आणायचा. आधी गाडी प्यायची, मग त्याच डब्यातून आबा. मग तोंड धुणं, मागच्या संडासात जाऊन येणं, चहा, तंबाखू, सगळं आपोआप व्हायचं. माणसाला म्हणून काही मागावं लागत नव्हतं. आमच्या घरात तर लघवीला जाण्यालाच ‘गाडीला पाणी दाखवून येणं’ म्हणत. पहिलीत असताना मी वर्गात बाईंना म्हटलं, “बाई, गाडीला पाणी दाखवून येऊ?” बाईंनी खिडकीतून बाहेर वाकून गाडी शोधली होती.

पुढे गाडीचं पासिंग होईना. ती कुदळवाडीच्या भंगारात गेली आणि आबा एका ट्रान्सपोर्टच्या नव्या ट्रेलरवर ड्रायव्हर म्हणून लागले. एसी केबिन, मऊ सीट, एका बोटाने वळणारं स्टिअरिंग. पहिल्या आठवड्यात ते खूश होते.

“लेकीवाणी गाडी हाय,” ते म्हणाले. “काय मागतच न्हाई.”

“मी मागते की, आबा.”

“तुझं न्हाई म्हणत. लोकांच्या लेकी.”

ती गाडी खरंच काही मागत नव्हती. तापत नव्हती, शिट्टी मारत नव्हती. त्यामुळे डबा घेऊन उतरायचं काही निमित्तच उरलं नाही. चाकणच्या कंपनीच्या गेटवर पाटी होती: ‘ड्रायव्हरने गाडीतून उतरू नये.’ गाड्यांची रांग रस्त्यावर. रांगेतून हललं की नंबर जातो. आडोशाला जावं तर आडोसा राहिलेला नाही. जिकडे तिकडे कुंपणं, आणि फुटपाथवरून शिफ्टला जाणाऱ्या मुली. माझ्या वयाच्या. आबांना लाज वाटायची.

मग त्यांनी पाणीच सोडलं. कुणाला सांगितलं नाही. आईला कळलं ते बाटलीवरून. सकाळी भरून दिलेली बाटली संध्याकाळी जशीच्या तशी परत यायची. आई ओरडायची, बाटली विसळायची, पुन्हा भरून द्यायची.

मागच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, मला फोन आला. रांगेत आबांच्या मागे गाडी असलेल्या ड्रायव्हरचा. “ताई, काका केबिनमध्ये वाकडे झालेत. या लवकर.”

मी भोसरीतल्या माझ्या कंपनीतून गाडी मारत गेले. आबा स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले होते, एक हात कुशीत रुतवलेला. तासन्‌तास लघवी तुंबवून धरलेली, त्यात ही कळ. मी आणि त्या ड्रायव्हरने त्यांना खाली उतरवलं आणि गेटवर नेलं. संडास दिसत होता. गेटपासून हाकेच्या अंतरावर, निळ्या दाराचा.

गेटवरचा गार्ड माझ्याच वयाचा, बोलण्यावरून मराठवाड्यातला. “ताई, आतलं स्टाफसाठी आहे. हे ट्रान्सपोर्टचे. मला अलाऊड नाही. साहेब कॅमेऱ्यात बघायलेत.”

मी तोंड सोडलं. काय बोलले ते इथे लिहीत नाही. हे पत्रक छापणारा छापखाना ते छापणार नाही. मागचा ड्रायव्हरही सरसावला. नव्या गाड्यांना धूर कमी करण्यासाठी एका वेगळ्या टाकीत युरियाचं पाणी घालावं लागतं, त्यावर त्याची गाडी घसरली. “अरे भावा, गाडीला युरिया भरायला पंपा-पंपावर सोय हाय. आमचा युरिया सोडायला कुठं जायचं, ते सांग!”

रांगेतले दोघं-तिघं हसले. आणि त्या हसण्यात आबांनी मान वर केली, गार्डकडे बघितलं आणि म्हणाले, “भावा, गाडीला पाणी पायजे, राव.”

गार्डने ट्रेलरकडे बघितलं. मग आबांकडे. “काका,” तो हळूच म्हणाला, “ह्या गाडीला कुठं पाणी लागतंय?”

आबांना कळलं आपण काय बोललो ते. त्यांनी मान खाली घातली. रांगेतलं हसू बंद झालं. त्यांच्या पँटवर पसरत गेलेला ओला डाग मी पाहिला, सगळ्यांनी पाहिला. गार्डने खुर्चीवरचा आपला टॉवेल उचलून माझ्या हातात दिला. म्हणाला, “ताई, रिलीव्हर येईस्तोवर मलाबी पोस्ट सोडता येत नाही. मीबी पाणी पीत नाही.”

त्याच्यावरचा माझा राग तिथेच संपला. बाकीचा अजून शिल्लक आहे.

दवाखान्यात कळलं की खडा अडकलाय आणि एक किडनी सुजून खराब झालीय. रक्तातला युरिया वाढलाय, असं डॉक्टर म्हणाले.

“म्हंजी गाडीत भरायचा माझ्यात गेला व्हय?” आबा म्हणाले. डॉक्टर हसले, आई हसली नाही. डॉक्टरांनी बजावलं: भरपूर पाणी प्यायचं, लघवी अडवायची नाही. दुसरी किडनी गेली तर डायलिसिस. खडा काढला, पण दुखणं रेंगाळलं, आणि आबा अजून अंथरुणातून पुरते उठलेले नाहीत.

मी चाकणच्या त्या कंपनीत तक्रार घेऊन गेले. ते म्हणाले, ट्रान्सपोर्टला सांगा. ट्रान्सपोर्टवाले म्हणाले, गेट कंपनीचं आहे, आम्ही काय करणार.

आई छापखान्यात पत्रकांच्या घड्या घालायची. मी अक्षरं शिकले ती ‘कामगार बंधूंनो’पासून. वाया गेलेली पत्रकं आमच्या फडताळात अंथरलेली असायची, डबे उचलले की मागण्या दिसायच्या. पगारवाढ, बोनस, कायम करा. त्या सगळ्या मागण्या न्याय्य होत्या आणि आजही आहेत. पण परवा मी फडताळ रिकामं करून प्रत्येक पत्रक वाचलं. गेटबाहेरच्या रांगेबद्दल एकाही पत्रकात ओळ नाही. आपले ‘बंधू’ गेटच्या आतच संपत होते. ज्याच्या गाडीतून आपला कच्चा माल येतो आणि तयार माल जातो, तो ‘ट्रान्सपोर्टचा’. हा शब्द गार्डने शोधलेला नाही. तो आपणही वापरतो, कँटीनमध्ये, ताट हातात घेऊन.

सोमवारपासून आबा पुन्हा गाडीवर जाणार आहेत. डॉक्टर नको म्हणतात, पण घर चालायला हवं, आणि दुसरं काम कोण देणार? गाडी तीच, गेट तेच. आईने नेलपॉलिशने बाटलीवर रेघा मारल्यात: इथपर्यंत मोशीला, इथपर्यंत चाकणला. आबांनी रेघा बघितल्या आणि विचारलं, “आन् प्यालेलं सोडू कुठं?” आईने बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

याचं उत्तर तुमच्याकडे आहे. उद्या शिफ्टला आत जाताना गेटवर थांबा आणि विचारा: रांगेतले ड्रायव्हर कुठे जातात, आणि हा गार्ड कुठे जातो? जे उत्तर मिळेल ते तुमच्या साहेबाला, तुमच्या युनियनला, तुमच्या सेफ्टी मीटिंगमध्ये मोठ्याने सांगा. एकट्याने जमत नसेल तर चौघं मिळून सांगा. गेटजवळच्या त्या संडासाचं दार त्यांच्यासाठी उघडायला लावा, आणि ते उघडं राहतंय का, हे रोज येता-जाता बघा.