मनुकांचा रस

माझ्या तोंडावर देवीचे व्रण आहेत. शाळेत मुली मला चाळणी म्हणायच्या आणि मी सरळ मारामारीवर यायचे. आता या वयात कुणी काही म्हणत नाही, पण मी अजूनही तयारीत असते. व्रण मला आले आणि त्यांची शिक्षा आईनं भोगली. हा राग मला अजून गिळता आलेला नाही, आणि तो नेमका कुणावर काढायचा हेही कळलेलं नाही.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नुकतंच झालं होतं. वडील संग्रामपूरकडच्या एका खेड्यात मिशनच्या शाळेवर मास्तर होते. आम्ही ख्रिस्ती झालो ते आजोबांच्या काळात. गावातली आमची मंडळी म्हणजे मोजकी घरं, शाळेच्याच खोलीत उपासना आणि महिन्याच्या एका रविवारी प्रभुभोजन. त्याला द्राक्षांचा रस लागतो. तो आमच्या गावात कुठून यायचा? म्हणून आई शनिवारी मनुका भिजत घालायची आणि सकाळी कुस्करून जुन्या धुवट लुगड्याच्या फडक्यातून गाळायची. तिच्यासारखा रस कुणालाच साधत नसे, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. पुढच्या बाकावर बसून ती भाकरीचा तुकडा खायची, रसाचा घोट घ्यायची आणि घोट घेतल्यावर हळूच इतर बायांच्या तोंडाकडे बघायची.

मी शाळेत जायच्या आधीची गोष्ट. मला देवी आल्या. टोचून घ्यायचं राहून गेलं होतं. वडील मिशनच्या बैठकीसाठी बुलढाण्याला गेले होते. आमची उपासना चालवणारे पाळकसाहेब येऊन डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करून गेले. माझे डोळे चिकटले आणि पाणीसुद्धा घशाखाली उतरेना. शेजारी भाजीपाला लावणाऱ्या माळ्याचं घर होतं. तिथली काकू उंबऱ्याबाहेर उभी राहून आईला म्हणाली, "मास्तरीनबाई, मातामायले पानी घाला. देव कोनाचा का असेना, पोरगी तं तुमची हाय."

गावाच्या टोकाला निंबाखाली शेंदूर फासलेला दगड होता, तीच मातामाय. ज्या घरी देवी येतात तिथली बाई अंगावर पाणी घेऊन ओलेत्यानं जाते, दगडावर तांब्याभर पाणी घालते आणि दहीभात ठेवते. आईनंही तेच केलं. भर दुपारी, अख्ख्या गावादेखत, विहिरीपासून निंबापर्यंत ओल्या लुगड्यानं चालत गेली. लपूनछपून करणं तिच्या स्वभावात नव्हतं. असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

मी बरी झाले. मी पेज मागितली, असं आई सांगायची.

पाळकसाहेब नगरकडचे. माणूस वाईट नव्हता, एवढं मला कबूल करावंच लागतं. ते घरी आले तेव्हा त्यांचाच चेहरा उतरलेला होता. "बाई, दुसरा देव मानू नका ही पहिली आज्ञा, ती तुम्ही मोडलीत," ते म्हणाले. "मंडळीसमोर उभं राहून एवढंच सांगा, की मी केलं ते पाप होतं आणि मला त्याचा पस्तावा आहे. देव क्षमा करतो. तोवर मात्र मला तुम्हाला प्रभुभोजनाची भाकर देता येणार नाही."

"पाप हाय म्हनते, साहेब," आई म्हणाली. "पन पस्तावा हाय असं कसं म्हनू? पस्तावा झाला म्हनजे घातलेलं पानी वापस घेतल्यासारखं झालं. मंग ते माय पोरगी वापस मांगन."

ते गेल्यावर वडील तिच्यावर चिडले. "निसतं तोंडानं म्हनून टाकाले काय होते तुले?"

"देवापुढं खोटं बोलू? त्याले आयकू येत नाही काय?"

मंडळीत आईइतकं देवाला घाबरणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि नेमकी तीच मागच्या बाकावर गेली. रस करायचं काम मात्र तिच्याकडून कुणी काढून घेतलं नाही. तो तिनं गाळायचा आणि बाकीच्यांनी प्यायचा. भाकरीची थाळी तिच्या बाकापर्यंत यायची आणि तिथून वळायची.

मग मला भाऊ झाला आणि रांगायच्या आतच तापानं गेला. देवाचा हात पडला, असं मंडळीतल्या बाया बोलल्या. पाळकसाहेब पुन्हा आले, आमच्या ओट्यावर बसून रडले आणि म्हणाले, "बाई, आता तरी म्हणा."

"आता तं नाहीच," आई म्हणाली. "आता हे एकच उरली."

तिनं मनाशी हिशोब लावूनच टाकला होता. देवाचं होतं ते देवानं नेलं, मातेनं दिलेली मी उरले, आणि त्या दोघांच्या मध्ये तिनं जन्मभर तोंड मिटून बसायचं. मला सर्दी झाली तरी ती माझ्याकडे घाबरून बघायची. पुढं मोठी झाल्यावर दृढीकरणाचा विधी होऊन मी पहिल्यांदा प्रभुभोजन घेतलं तेव्हा रस तिच्याच हातचा होता. घोट घेताना माझी मागं वळून बघायची हिंमत झाली नाही.

तिच्या शेवटच्या दुखण्यात रस मी केला. मनुका किती वेळ भिजवायच्या ते ती खाटेवरून सांगत होती. पाळक तरुण आणि नवे होते. ते तिच्या उशाशी बसले. "आई, ते सगळं जुनं झालं," ते म्हणाले. "काही म्हणू नका. नुसतं घ्या."

तिनं भाकरीच्या तुकड्याकडे बघितलं. तिला तो हवा होता. मी तिची पोरगी आहे, मला कळत होतं. मग तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"मी घेतला तं इचं कसं होईन?" तिनं विचारलं.

"आई, मले काय होते? घे," मी म्हणाले. मी ओरडलेच म्हणा.

तिनं ओठ घट्ट मिटले. पाळक बराच वेळ हात पुढं धरून बसले आणि मग त्यांनी तो तुकडा रुमालात गुंडाळला. दुसऱ्या दिवशी ती गेली. तिला माती देऊन घरी आले, तर रसाची वाटी खाटेखालीच राहिली होती आणि वाटीला मुंग्या लागल्या होत्या.