ताईच्या गाडीचे दोन इंच

गॅरेजवाल्याला खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. सगळे त्याला इंची म्हणतात. शाळेत असताना त्याने वर्गाच्या दाराची चौकट मोजली आणि मुख्याध्यापकांना जाऊन सांगितलं, की तुमचं डोकं पाऊण इंचाने वाचतं. दुसऱ्या दिवसापासून मुख्याध्यापक उगाचच वाकून आत यायला लागले. नाव तेव्हा पडलं ते पडलंच.

पुढे तो एका मोठ्या गॅरेजात नोकरीला लागला आणि तिथे तीन वर्षं टिकला. कामात खोट नव्हती. पण एखादा नट खोलायला सांगितला, की "हा इथेच का बसवला असेल?" असं म्हणत हा त्याच्याभोवती दहा मिनिटं घुटमळायचा. शेवटी मालकाने हात जोडले. त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. तेव्हापासून घराच्या मागे इंचीचं स्वतःचं गॅरेज आहे. दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा, खाली उतरून काम करायला खड्डा, आणि जमिनीवर जिकडेतिकडे खडूने लिहिलेले आकडे. त्या आकड्यांवर पाय द्यायचा नाही, हा तिथला एकमेव नियम.

बुधवारी सकाळी त्याची थोरली बहीण गाडी घेऊन आली. मागच्या सीटवर एक जड खोकं होतं.

ताईची नोकरी पाणी मोजण्याची. नदीच्या काठाने पाच ठिकाणी आकडे रंगवलेले खांब उभे आहेत. दर सोमवारी आपल्या जुन्या, उंच, चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीतून ती पाचही खांबांवर जाते, पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते वाचते आणि कार्यालयात कळवते. चार खांब रस्त्याला लागून आहेत. पाचव्याकडे जायला पात्रातून, गोट्यांवरून गाडी घालावी लागते. गेल्या दोन महिन्यांत त्या उतारावर ती दोनदा अडकली. मागच्या आसाच्या मधोमध लोखंडी गोळा असतो, तो दगडावर टेकायचा आणि चाकं जागच्या जागी फिरत राहायची. दोन्ही वेळा ट्रॅक्टरने ओढून काढावी लागली. साहेबांनी मग सगळ्यांदेखत सांगितलं: तिसऱ्यांदा असं झालं तर फेरी दुसऱ्याला देऊ, तुम्ही टेबलावर बसा.

"टेबलावर बसायला मी काय पेपरवेट आहे?" ताई म्हणाली. निवृत्तीला तिची दोन वर्षं राहिली होती. "हे बघ इंच्या. या खोक्यात बॉडी वर उचलायचं सामान आहे. दोन इंच. सोमवारी सकाळी मला गाडी हवी."

इंचीने असलं काम आयुष्यात केलं नव्हतं. पण त्याने हो म्हटलं ते खोकं उघडायच्या आधीच. आत काय असेल हे बघायचं होतं.

आत काळ्या नायलॉनचे दहा ठोकळे निघाले, दोन इंच उंचीचे, मधे भोक असलेले. दहा लांब बोल्ट, काही वाकवलेल्या पट्ट्या, स्टिअरिंगच्या दांड्याला लावायचा एक छोटा जोड आणि एक कागद. कागद त्याने तीनदा वाचला. मग तो गाडीखाली गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

"ताई," खालूनच आवाज आला, "अगं, याने गाडी उंच होतच नाही!"

"म्हणजे? फसवलं मला?"

"फसवलं नाही. वर जाते ती फक्त बॉडी. चॅसी म्हणजे खालचा सांगाडा, इंजिन, आस, तो तुझा गोळा, सगळं आहे तिथेच राहतं."

"मग उपयोग काय त्याचा?"

इंची सरपटत बाहेर आला. चेहरा ग्रीसने माखलेला, पण नव्याने काही कळल्याचा आनंद लपत नव्हता. "बॉडी वर गेली की चाकाभोवतीची जागा वाढते. तिथे मोठा टायर मावतो. टायर दोन इंच मोठा घेतला की आस एक इंच वर जातो. टायरचा अर्धा भाग आसाच्या वर आणि अर्धा खाली असतो ना, म्हणून."

"दोन इंच उचलायचे आणि मिळवायचा एक?"

"एकच. पण दगडावर तोच एक लागतो."

शेजारच्या शेडमधला वेल्डर दारात येऊन ऐकत होता. तो म्हणाला, "म्हणजे गुडघ्याखाली पाय तेवढाच आणि सदरा तेवढा वर खोचायचा!"

"बरोबर," इंची म्हणाला. टोमण्यातही मुद्दा चोख असला तर त्याला राग येत नसे.

गुरुवारचा अर्धा दिवस मोजण्यात गेला. चाकावरच्या कमानी, बंपर, दारांच्या फटी, दिव्यांची उंची. गाडीभोवती खडूच्या आकड्यांचं रिंगण तयार झालं. त्यानंतर इंचीने एक गोष्ट केली, जी कागदावर नव्हती. त्याने गाडीतल्या प्रत्येक वस्तूला विचारलं, तू कुणाकडची? गाडीत दोन घरं नांदत असतात, एक बॉडीचं आणि एक चॅसीचं, आणि आता ती दोन इंचांनी वेगळी व्हायची होती. रेडिएटर बॉडीकडचा, पण त्याच्यामागे फिरणारा पंखा इंजिनाकडचा. दोघांची ताटातूट झाली की पंखा आपल्याच झाकणाला घासणार. गियरचा दांडा चॅसीकडचा, तो आत आखूड पडणार. डिझेल ओतायचं तोंड बॉडीवर आणि टाकी खाली, म्हणजे मधली नळी ताणली जाणार. स्टिअरिंगचा दांडा तर दोन्हीकडचा, म्हणून त्याला तो जोड. ज्यांची ताटातूट होणार त्या प्रत्येक वायरीला आणि नळीला इंचीने सुतळीचा तुकडा बांधला. संध्याकाळपर्यंत गाडीच्या पोटात एकोणीस सुतळ्या लोंबत होत्या.

"नवस बोलायला आलेत का लोक?" वेल्डरने विचारलं.

शुक्रवारी बोल्ट खोलायला घेतले. बॉडी चॅसीवर दहा ठिकाणी बसवलेली असते, प्रत्येक ठिकाणी मधे रबर. सहा बोल्ट सुटले. सातवा फिरत राहिला, सुटेना. वरचा नट बॉडीच्या पोकळीत बंद होता आणि गंजून जागचा सुटला होता. बोल्ट फिरवला की तोही त्याच्याबरोबर फिरत होता. मोठ्या गॅरेजात असता तर त्याला तिथे बोल्ट कापायला लावला असता. इंचीने आतला गालिचा उलटला, बाहेरून माप घेतलं, तेच आत उतरवलं, फुली मारली आणि पत्र्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी खिडकी कापली. नट बरोबर फुलीखाली होता. त्याने तो पान्यात पकडला आणि बोल्ट सोडवला. मग पाच मिनिटं बॅटरी लावून त्या पोकळीत पाहत बसला. वीस वर्षं बंद असलेली जागा पहिल्यांदा आपण बघतोय, हे त्याला कुणाला तरी सांगायचं होतं. पण वेल्डर जेवायला गेला होता.

दुपारी एका बाजूचे बोल्ट काढून, दुसरीकडचे नुसते सैल ठेवून, त्याने जॅकवर लाकडाचा ओंडका ठेवला आणि बॉडी उचलायला सुरुवात केली. दांड्याचे चार झटके, मग खड्ड्यात उतरून एकोणीस सुतळ्यांची पाहणी. पुन्हा चार झटके, पुन्हा पाहणी. रबर चुरचुरलं, मातीचे पापुद्रे गळले आणि बॉडी आणि चॅसीच्या मधून पलीकडची भिंत दिसायला लागली. गाडीच्या आरपार उजेड यावा, हे विचित्रच दिसत होतं. ठोकळे बसले. मग दुसरी बाजू. शनिवारी दुपारी पंख्याचं झाकण खाली सरकवून झालं, गियरचा दांडा लांबवला, स्टिअरिंगला जोड बसवला, नळी जोडली, दोन इंच मोठे नवे टायर आणून चढवले. इंजिन सुरू केलं तर कुठेही घासल्याचा आवाज नाही. इंचीने पुन्हा सगळं मोजलं. कुठेही दोन सुतांपेक्षा, म्हणजे पाव इंचापेक्षा, जास्त फरक नव्हता.

संध्याकाळी ताई आली. गाडीला एक चक्कर मारली, खाली वाकून गोळा पाहिला, मान डोलावली. मग दार उघडलं, डावा पाय उचलला, आणि तो आत जाईना.

तिने पाय खाली ठेवला, साडी सावरली, वरचं हँडल धरलं आणि पुन्हा उचलला. पाय उंबऱ्याच्या पत्र्यापर्यंत आला आणि तिथेच अडला.

तीन वर्षांपूर्वी चौथ्या खांबापाशी ती काठावरून घसरली, तेव्हापासून तिचा डावा गुडघा पुरता वाकत नाही. इंचीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. एक्सरे त्यानेच उजेडाला धरून पाहिला होता आणि गुडघ्याच्या वाटीची जाडी किती म्हणून डॉक्टरांचं डोकं खाल्लं होतं.

"उजवा आधी टाका ना, ताई," मागून त्याची बायको म्हणाली. ती समोरच्या खोलीत कपडे शिवते आणि तशीच, गळ्यात टेप अडकवून, बाहेर आली होती.

ताईने उजवा आधी टाकला. त्यामुळे ती आत चढली खरी, पण तोंड मागच्या सीटकडे झालं. कुणी हसलं नाही. ती तशीच उतरली.

"अहो," बायको इंचीला म्हणाली, "चार दिवस मोजताय. बंपर मोजला, दिवे मोजले. बसणारं माणूस मोजलंत का?"

 बायकोने टेप काढली, ताईला भिंतीशी उभं केलं, पाय उचलायला सांगितला आणि कपडे शिवायला माप घ्यावं तसं टाचेपासून जमिनीपर्यंत माप घेतलं. "बावीस. त्याच्यावर दुखतंय का?"

"दुखतंय."

गाडीचा उंबरा आधी बावीसवर होता, आता पंचवीसवर. दोन इंच ठोकळ्यांचे, एक टायरचा.

"काढून टाक ते ठोकळे," ताई म्हणाली. आवाज कोरडा होता. "होती तशी कर."

"तशी केली तर सोमवारी गोळा टेकेल."

"मग पायरी लाव एखादी."

"लोखंडी पायरी खाली आली की दगड तिलाच धरेल. अडकायला नवी जागा दिल्यासारखं होईल."

"म्हणजे चढता येईल ती गाडी जाणार नाही, आणि जाईल तिच्यात मला चढता येणार नाही. छान! साहेबांना फोनच करते." ती फोन न करता घरात जाऊन बसली.

रविवारी सकाळी इंची गॅरेजच्या दारात नुसता बसला होता. वेल्डर आपली व्हॅन मागे घेत होता. मागच्या चाकामागे चिखल अडवायला लोंबणारा रबरी पडदा ओट्याच्या कडेला लागला, दुमडला आणि व्हॅन पुढे गेल्यावर पुन्हा सरळ झाला. इंची उठला, व्हॅनमागे उकिडवा बसला आणि तो पडदा हाताने दुमडून सोडून पाहू लागला. दुमड, सोड. दुमड, सोड.

"खेळायला दुसरं काही नाही का घरात?" वेल्डर ओरडला.

"हे फार मऊ आहे. याच्यापेक्षा जाड काय असतं?"

"जाड म्हणजे?"

"माणूस उभं राहिलं तर राहील, पण दगड लागला तर वाकेल, असं."

वेल्डरने विचार केला आणि नकळत स्वतःच्या शेडच्या उंबऱ्याकडे पाहिलं. तिथे खडी वाहून नेणाऱ्या यंत्राच्या पट्ट्याचा तुकडा पसरला होता, बोटभर जाड, आत दोऱ्याचे थर. इंची उचलायला धावला.

"अरे, ते पायपुसणं आहे माझं!"

"पायाखालीच घालायचंय," इंची म्हणाला आणि तो घेऊन गेला.

दोन पट्ट्या कापल्या. बॉडी वर गेल्यामुळे चॅसीच्या बाजूला आता बोल्ट घालायला पुरेशी फट होती. त्यात पट्ट्या घट्ट आवळल्या. खालच्या टोकांना वेल्डरने खडबडीत पत्र्याची फळी जोडून दिली. जमिनीपासून बारा इंच. ताईने उजवा पाय फळीवर ठेवला. फळी आतल्या बाजूला झुलली, ताई दारावर आपटली आणि तिने भावाला एक शेलकी शिवी दिली. पट्ट्या दुहेरी केल्या. चौथ्या खेपेला चांगला पाय फळीवर ठाम उभा राहिला, डावा मागून अलगद आत गेला आणि ताई सीटवर बसली. तिने आरसा नीट केला. "उद्या सात वाजता निघते," एवढंच म्हणाली.

सोमवारी इंची बोलावणं नसताना शेजारच्या सीटवर जाऊन बसला. चार खांब झाले. प्रत्येक ठिकाणी ती स्वतः उतरली, स्वतः चढली. त्याने हात पुढे केला तेव्हा त्याच्या हातात वही दिली.

पाचव्याच्या आधीचा उतार आला. इंचीला उतरून दगड मोजायचे होते.

"गप बैस."

गाडी पहिल्या गियरमध्ये, माणूस चालेल त्याहून हळू, पाण्यात शिरली. टायर गोट्यांवर चढत, घसरत, पुन्हा चढत होते. दाराखाली थप्पकन आवाज झाला आणि काही सेकंदांनी पुन्हा एकदा. फळी दुमडली होती आणि सरळ झाली होती. मग नेहमीचा दगड आला. मागून बादली फरशीवर ओढल्यासारखा आवाज आला. ताईने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हलवला नाही. आवाज थांबला आणि गाडी पलीकडे चढली.

पाचव्या खांबापाशी ताईने आकडा वाचला, वहीत टिपला, लगेच फोनवर कळवला. पलीकडून कुणीतरी विचारलं असावं. "हो, पाचवाच," ती म्हणाली. "नाही, ट्रॅक्टर नाही. कशाला?"

इंची खांब निरखत उभा होता. "ताई, याचा शून्य कुठे? नदीच्या तळाला?"

"तळ पुरात सरकतो. त्या पलीकडच्या कातळावर खूण आहे, तिथून धरतात." ती थांबली. "तीस वर्षं ही नोकरी करतेय. आज विचारलंस."

परत निघताना ती म्हणाली, "मघाशी मागे घासलं ना, ते तुझ्यामुळे. तुझं वजन किती?"

इंचीने मनात आकडेमोड केली. चौऱ्याऐंशी किलो. तेवढ्याने टायर दबणार. एक सूत, फार तर दोन. ती बरोबर होती. तो मुकाट्याने उतरला, चपला हातात घेतल्या आणि घोटाभर पाण्यातून गाडीमागे चालू लागला. दगडापाशी पोचल्यावर तो इतका वाकला, की गुडघे आणि सदरा दोन्ही भिजले. गोळा दगडावरून गेला. न लागता.

"सूतभर!" तो ओरडला. "पुरतं सूतभर अंतर!"

गाडी वर जाऊन उभी राहिली. ताईने काच खाली केली.

"चढ आता. पुढच्या सोमवारी नको येऊस."