हवा कमी

गुडीहत्नूरच्या बसस्टँडवर पोरंसोरंसुद्धा डोमाजीला 'हवाकमी' म्हणत. पाठीमागून नाही, तोंडावर. त्यातल्या बहुतेकांना हे नाव कशावरून पडलं ते ठाऊक नव्हतं, कारण ते पडलं तेव्हा ती जन्मलीच नव्हती. माणसाचं खरं नाव विसरायला गावाला वेळ लागत नाही, पण स्वतः ठेवलेलं नाव गाव जिवापाड जपतं.

चौऱ्याऐंशी साली हाच डोमाजी सुधाकररावांच्या मोटारीवर ड्रायव्हर होता. सुधाकरराव हायवेवरच्या कापसाच्या जिनिंगचे मालक. डोमाजीचा बाप जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात राबला. त्याचा मुलगा पांढऱ्या गाडीच्या स्टेरिंगवर बसतो याचं बौद्ध वस्तीला केवढं अप्रूप! गाडी धुऊन झाली की डोमाजी काम नसतानाही वस्तीवरून एक चक्कर मारून आणायचा. निर्मळचा घाट त्याला तोंडपाठ होता आणि मालकांचा त्याच्यावर विश्वास होता. निदान डोमाजीला तसं वाटायचं.

त्या उन्हाळ्यात मालकांनी पत्नीला, विमलबाईंना, बद्रीनाथ घडवायचं ठरवलं, तेही स्वतःच्या गाडीतून. जोशीमठापर्यंत सगळं ठीक चाललं. त्याच्या वरच्या चढाला गाडी लागली आणि तिचं रूपच पालटलं. पाय दाबावा तर ओढ नाही, मागून काळा धूर, डब्यात बसल्यासारखा पेट्रोलचा वास आणि टाकीचा काटा डोळ्यांदेखत खाली. डोमाजी घाबरला. रस्त्याकडेला एका टपरीत एक पहाडी मिस्त्री दुसऱ्याच्या गाडीखाली आडवा पडून काम करत होता. त्याने बाहेर न येताच उत्तर दिलं, ''हवा कम है भैया, ऊपर सबका यही हाल है.''

आता आपल्याकडे मोटारवाल्याच्या तोंडी हवा म्हणजे चाकातली हवा. दुसरी कुठली असते? डोमाजीने त्या गारठ्यात हातपंप काढला आणि धाप लागेपर्यंत चारही चाकांत हवा मारली. गाडी तशीच रडत राहिली. कशीबशी ती वर पोचली. मालक-मालकीण देवळात गेले, डोमाजी गाडीपाशी थांबला. बापाने धम्म घेतला तेव्हापासून त्यांच्या घरात कुणी देवळाची पायरी चढलं नव्हतं, आणि ते मालकांना माहीत होतं.

परतताना जोशीमठाला पेट्रोल भरायची वेळ आली तेव्हा मालकांच्या कपाळाला आठी पडली. भरलेली टाकी एवढ्यात गेली कुठे, त्यांनी विचारलं. डोमाजीने मिस्त्रीचे शब्द जसेच्या तसे पुढे केले, ''मालक, हवा कमी हाय म्हणते.'' सुधाकरराव खाली उतरले. एकेका चाकाला लाथ मारत ते गाडीभोवती फिरले. चाकं दगडासारखी टणक.

''कुठं हाय रे हवा कमी? आमी देवळात होतो तवा गाडीपाशी कोण होतं?''

''मीच होतो,'' डोमाजी म्हणाला. खरं बोलला आणि तिथेच बुडाला.

विमलबाईंनी मधला मार्ग काढला. समोरच्या नरसिंहाच्या देवळाच्या पायरीला हात लावून सांग, आमचं मन साफ होईल, म्हणाल्या. त्यांना वाटलं, आपण केवढा उपकार करतोय. डोमाजी म्हणाला की घरी आजारी पडलेल्या लेकराची शपथ घेतो, देवाची घेत नाही. मालक विमलबाईंकडे बघून हसले. चोरच देवाला भितो, असं त्या हसण्याचं भाषांतर होतं.

आणि नशीब तरी कसं खुनशी! गाडी सपाटीला लागली आणि पुन्हा शहाण्यासारखी चालू लागली. धूर गेला, वास गेला, पेट्रोल पूर्वीइतकंच लागू लागलं. मालक म्हणाले, मी डोळ्यात तेल घालून बसलो तशी गाडी सुधारली बघ. ती सुधारली कशानं? ते डोमाजीला स्वतःलाही कळेना.

गावात आल्यावर किल्ली गेली. चाकांना लाथा मारल्याची गोष्ट मालकांनी जिनिंगच्या ओट्यावर रंगवून सांगितली आणि नाव पडलं. ट्रकवाल्यांनी, जीपवाल्यांनी, कुणी त्याच्या हाती स्टेरिंग दिलं नाही. ज्या जिनिंगच्या दारात तो ऐटीत मोटार लावायचा, तिथेच तो शेतकऱ्यांच्या बैलबंड्यांवरून कापूस उतरवू लागला. एक आधार होता, बायकोचा. बयनाबाई बोरिंगवर कुणी 'हवाकमीची बायको' म्हणालं की हंडा खाली ठेवून भांडायची. माझ्या नवऱ्यानं थेंबाला हात लावला नाही, हे तिचं ओरडणं घरापर्यंत ऐकू यायचं. त्या आवाजावर डोमाजी जगला.

नव्याण्णव साली सुधाकररावांनी नवी मोटार घेतली. कंपनीचा एक तरुण माणूस सोबत आला होता. त्याने अंगणात बॉनेट उघडलं, माणसं जमली, डोमाजीही डोक्यावरचं गाठोडं टाकून मागे उभा राहिला. तो माणूस हिंदीत समजावत होता. इंजिनात पेट्रोल हवेत मिसळून जळतं. डोंगरावर हवा विरळ होते, पण जुन्या गाडीच्या कार्बोरेटरला ते उमगत नाही, तो पेट्रोल ओततच राहतो; मग काळा धूर, ओढ नाही आणि पेट्रोलची नासाडी. या गाडीतला सेन्सर हवेचा दाब मोजतो आणि तेवढंच पेट्रोल सोडतो. ''ऊपर हवा कम होती है ना,'' तो म्हणाला.

अंगणभर हशा पिकला. सगळ्या माना डोमाजीकडे वळल्या. त्या बिचाऱ्या तरुणाला वाटलं, आपलंच काही चुकलं. एक माणूस मात्र हसला नाही, सुधाकरराव. ते बॉनेटमध्ये बघत राहिले. डोमाजी गर्दीतून पुढे आला.

''मालक, आयकलं ना तुमी? आता या चार लोकांत एक डाव बोला, डोमाजीनं घेतलं नव्हतं.''

सुधाकररावांनी मान वर केली. कंपनीच्या माणसाकडे, जमलेल्या लोकांकडे त्यांनी पाहिलं. मग म्हणाले, ''असन बा. पण तेवढं पेट्रोल नुसत्या हवेनं जाते का?'' आणि त्यांनी पाहुण्यासाठी चहा मागवला. लोक पुन्हा हसले. त्यांना सत्य नको होतं, त्यांना त्यांची गंमत हवी होती.

डोमाजी काम टाकून घरी आला. बयनाबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. त्याने तिला सगळं सांगितलं, पहाडावरची हवा, कार्बोरेटर, तो मिस्त्री, अगदी घाईघाईने, लहान मुलासारखं. मालक नाही बोलले तर गेले उडत, आपल्या माणसाला तर कळलं. तिने भाकरी तव्यावर टाकली आणि त्याच्याकडे वळून पाहिलं.

''म्हंजे खरंच काढलं नव्हतं तुमी?''

डोमाजी होता तिथेच भिंतीला टेकून खाली बसला. त्याला वाईट वाटलं असेल असं समजून ती हळू आवाजात म्हणाली, ''लेकरू बिमार होतं ना तवा. काढलं असतं तरी म्या कधी मनात धरलं नाही. गरिबाले लागतेच.''