खिडकीबाहेरची वरात

वेळेआधी जन्मलेली माझी भाची त्या सकाळी काचेच्या पेटीतून बाहेर आली आणि पहिल्यांदाच आईच्या कुशीत झोपली. मी शेजारी खुर्चीवर आर्किटेक्चरच्या परीक्षेचं पुस्तक उघडून बसले होते. बांधकामाच्या स्पेसिफिकेशनचे, म्हणजे काम कसं हवं ते लिहून देण्याचे, प्रकार काही केल्या डोक्यात शिरत नव्हते.

"काय वाचतेस गं ताई एवढं?" माझ्या धाकट्या बहिणीनं, अश्विनीनं, हळूच विचारलं.

"एका प्रकारात काय वापरायचं, कसं बसवायचं, ते सगळं लिहून देतात. दुसऱ्यात शेवटी काय साधायला हवं तेवढंच सांगतात. कसं साधायचं ते करणाऱ्यानं ठरवायचं."

बोलता बोलता माझं लक्ष खिडकीबाहेर गेलं. खालच्या रस्त्यावरून वरात चालली होती. ढोलवाला जीव तोडून ढोल बडवत होता, ट्रम्पेटवाल्याचे गाल टरारून फुगले होते, आणि आत आम्हाला त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं.

मी पुस्तक मिटलं. ही इमारत कागदावर असताना कुणीतरी लिहिलं असेल, की बाहेर काहीही चालू असो, या खोलीत बाळाला झोप लागेल एवढी शांतता हवी. मग कुणी काच निवडली, कुणी चौकटीच्या फटी बुजवल्या. ती माणसं या मुलीला कधीच भेटणार नव्हती. तरी ती जन्माला यायच्या आधीच तिच्या झोपेची काळजी कुणीतरी वाहिली होती.

"ताई," अश्विनी कुजबुजली, "जवळ ये ना. तिचा श्वास ऐकू येतोय."